नानकटाईचे माहेर



दिवाळी सरली. पाहुणे आपापल्या गावी गेले, रब्बीची गडबड सुरू झाली आणि फराळाचे डबे तळाला लागले. चकलीचा चुरा आणि चिवड्यातले शेंगदाणे तेवढे उरले. आमच्या घरी सगळ्यांत आधी रिकामा होतो तो नानकटाईचा डबा. यंदाही तसेच झाले.

सुट्टीत नातीला शाळेतून काम दिले होते. आपल्या घरच्या पारंपरिक पदार्थांची यादी करून आणायची. तिने चकली लिहिली, करंजी लिहिली, अनारसे, कडबोळी, शंकरपाळी लिहिली आणि शेवटी नानकटाई लिहिली. तिचा मोठा भाऊ म्हणाला, "नानकटाई खोड. ती आपली नाही, बेकरीची आहे." झाले! दोघांचे भांडण माझ्यापर्यंत आले. नात विचारू लागली, "आजी, तू सांग. नानकटाई आपली आहे की नाही?"

मी पन्नास वर्षे नानकटाई करते आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चकलीचे नाव कसे तोंडात बसते. करंजीचेही तसेच. पण 'नानकटाई' म्हणजे काय? यात नाना कोण आणि कटाई कसली? मग जे वाचले, ऐकले आणि आयुष्यात पाहिले, ते सगळे नातीला सांगितले. तेच आज तुम्हालाही सांगते.

आधी नावाचे बघू. हे नाव फारसी आहे. 'नान' म्हणजे रोटी. हॉटेलात तंदुरी नान मिळतो, तोच हा नान. 'खताई' म्हणजे खता देशाची. खता किंवा खिता हे चीनचे जुने नाव. दहाव्या ते बाराव्या शतकात उत्तर चीनवर खितान नावाच्या लोकांचे राज्य होते, त्यांच्यावरून इराण-तुराणचे व्यापारी त्या मुलखाला खता म्हणू लागले. तेव्हा नान-खताई म्हणजे खता देशाची रोटी. आपल्या तोंडी ती झाली नानकटाई.

म्हणून ती चीनहून आली असे लगेच समजू नका. नावावरून गाव ओळखायला गेले तर फसगत होते. हिंदीत साखरेला चीनी म्हणतात, पण ऊस तर आपल्याच मळ्यात उभा असतो. लांबून आलेली, जरा अपूर्वाईची वस्तू असली की तिला लांबच्या मुलखाचे नाव चिकटते. एवढे मात्र खरे, की हे नाव नुसते आपल्याकडचे नाही. अफगाणिस्तानातही खताई आहे, लाहोरातही आहे. म्हणजे अमुक एका माणसाने अमुक दिवशी नानकटाई शोधून काढली, असे म्हणता येत नाही. नदीला जसे चार ओढे येऊन मिळतात, तसे या पदार्थाचे आहे.

त्यातला आपल्या सर्वांत जवळचा ओढा सुरतेचा.

सुरत म्हटले की आपल्याला आठवतात शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्या, १६६४ ची आणि १६७० ची. त्या काळी सुरत हे मोगलांचे मोठे बंदर होते. इंग्रज, वलंदेज, फ्रेंच अशा सगळ्या टोपीकरांनी तिथे वखारी घातल्या होत्या. वलंदेज म्हणजे हॉलंडचे डच लोक. त्यांची जुनी थडगी सुरतेत अजून आहेत. हे लोक मसाले आणि कापड घ्यायला आले, पण पोटाला त्यांचा पाव हवाच. म्हणून पावाच्या भट्ट्या घातल्या गेल्या.

सुरतेत अशी हकीकत सांगतात, की वलंदेजांचे बस्तान उठले तेव्हा त्यांची एक भट्टी तिथे काम करणाऱ्या फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थाकडे आली. वलंदेजांनी १८२५ साली सुरत सोडली. गिऱ्हाईक गेले, भट्टी राहिली. पाव करून ठेवला तर गावातले लोक तो घेईनात. पाव पडून राहायचा आणि वाळून कडक व्हायचा. पण वाळलेला पाव हलका आणि चहा-दुधात बुडवायला चांगला, असे लोकांच्या ध्यानात आले आणि तोच विकला जाऊ लागला. मग भट्टीवाल्याने मुद्दाम तशी कोरडी बिस्किटेच करायला घेतली. पुढे तिथल्या एका गोड मिठाईवरून सुचून मैदा, तूप आणि साखर एकत्र करून नानकटाई भाजली. त्या घराण्याची बेकरी सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

या हकिकतीतला शब्द न् शब्द खरा आहे की नाही, यावर मी वाद घालणार नाही. घराण्यात चालत आलेल्या गोष्टीला थोडे मीठमसाला लागतोच. पण तिच्यातली एक गोष्ट मला अगदी पटते. लोक पाव घेईनात आणि नानकटाई मात्र घेऊ लागले. असे का झाले असेल?

कारण त्या काळी पाव ताडीने आंबवत. गोव्यातही पदेर माडाची सूर घालून पाव करीत. ताडी घातलेले, परक्याने पाणी घालून मळलेले, परक्याच्या विस्तवावर भाजलेले, असे अन्न घरात कोण घेणार? आज आपल्याला हसू येईल. वडापावाच्या गाड्यावर सगळेच उभे राहतात. पण तेव्हा ही हसण्याची गोष्ट नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. पाहुण्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कोणी घेतले, कोणी नुसता हात लावला. पण नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि गावभर गहजब झाला. बहिष्कार पडला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ साली रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपभर चहापायी आणि बिस्किटापायी!

ही तर मोठ्या घरची गोष्ट. तेथे प्रायश्चित्त घेऊन सुटका होती. पण हाच विटाळाचा विचार आपल्या गावोगावच्या विहिरींवर माणसांना पाण्याला शिवू देत नव्हता. त्यासाठी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा एका बिस्किटाची गोष्ट वाटते तेवढी लहान नाही.

आता नानकटाई बघा. तिच्यात ताडी नाही, अंडे नाही. पीठ मळायला पाण्याचा थेंब नाही. तुपात मळलेले, पाणी न लागलेले अन्न चालते, असे आपल्याकडचे जुने सोवळेच सांगत होते. मला वाटते, ज्या दारातून पावाला आत येता आले नाही, त्या दारातून नानकटाई अशी तुपाचे बोट धरून आत आली.

पण दारात आली म्हणजे लगेच माजघरात गेली असे नाही. ते कसे झाले, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. आता ते सांगते.

माझे लग्न झाले आणि दोन वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. आमच्या विहिरीचा तळ दिसला. दोन बैल विकले. हे आणि मी, दोघेही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. रेशनवर लाल मिलो मिळायची, कामावर सुकडी मिळायची. त्या वर्षी दिवाळीला घरात कढई चढली नाही. पोरांच्या हातावर आत्याबाईंनी गुळाचा खडा ठेवला आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

१९७३ साली पाऊस चांगला झाला. खरिपाचे चार दाणे घरात आले. गाय व्याली होती, तिचे तूप साठले होते. रेशनवर साखर मिळाली. मला मनापासून वाटले, यंदा पोरांना सगळे करून घालायचे. माझ्या माहेरी आई भट्टीवरून नानकटाई करून आणायची. ती यंदा करावी म्हणून मी आत्याबाईंपाशी विषय काढला.

त्या एकदम म्हणाल्या, "त्या भट्टीवर ताडीचा पाव भाजत्यात. तिथलं माझ्या घरात नको, बाई."

आत्याबाई मनाने वाईट नव्हत्या. दुष्काळात स्वतःच्या ताटातली भाकरी शेजारच्या पोराला देताना मी त्यांना पाहिले आहे. पण लहानपणापासून जे ऐकले ते हाडात मुरलेले. ह्यांना विचारले तर म्हणाले, "मी काही बोलणार नाही, तुम्ही दोघी बघून घ्या." घरोघरी पुरुषांचे हे उत्तर ठरलेलेच असते!

वसुबारसेच्या आदल्या दिवशी बाजार होता. बाजाराचे गाव आमच्यापासून दीड कोस. मी मैदा, तूप आणि दळलेली साखर एका पत्र्याच्या डब्यात घालून, वर धडपे बांधून, थोरल्या मुलीला बरोबर घेऊन निघाले. आत्याबाईंना म्हटले, बाजार करून येते. खोटे बोलले नाही, पण खरेही सांगितले नाही. पन्नास वर्षे झाली, अजून ते मनाला लागते.

भट्टीवर ही गर्दी! ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दिवाळीच्या आधी आठ दिवस भट्टीवर आयाबायांची रांग लागायची. प्रत्येकीचा डबा, प्रत्येकीची चिठ्ठी. सामान आपले, भट्टी त्यांची. मजुरी किलोवर. आधी परातीत तूप आणि साखर घालून तळहाताने फेसायचे. फेसता फेसता ते लोण्यासारखे पांढरे झाले पाहिजे. मग बसेल तेवढे पीठ. मग गोळे करून पत्र्यावर मांडायचे, वर चारोळी नाहीतर वेलदोड्याचा दाणा टोचायचा. पत्र्याच्या कोपऱ्यात नंबराची चिठ्ठी. ज्याचे त्याला मिळाले पाहिजे. एकीच्या तुपाची नानकटाई दुसरीच्या डब्यात गेली तर रणकंदन व्हायचे.

आणि भट्टीवर घाई चालत नाही. विटांची ती मोठी भट्टी लाकडांनी तापवायची, मग निखारा बाजूला ओढायचा. कडक आचेवर आधी पाव. ती आच उतरली की मगच नानकटाई. नाहीतर वरून काळी आणि आतून कच्ची. पाववाले चाचा मला म्हणाले, "वहिनी, बसा जरा. पाव निघू द्या. भट्टी उतरल्याशिवाय तुमचा माल मी आत टाकणार नाही."

मी धीर करून विचारले, "चाचा, पावात ताडी घालता का हो?"

ते हसले. "ताडीचे दिवस गेले, वहिनी. आदल्या दिवशीचा पिठाचा गोळा राखून ठेवतो, तोच दुसऱ्या दिवशी घालतो. तुम्ही दह्याला विरजण ठेवता ना, तसं."

माझा नंबर लागेपर्यंत दिवस मावळला. त्या वर्षी दिवाळी आणि रमजानची ईद एकाच आठवड्यात आली होती. चाचांचे, त्यांच्या घरच्यांचे रोजे चालू होते. पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही, समोर तापलेली भट्टी, नाकात तुपाचा वास, आणि हा माणूस दिवसभर लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आत-बाहेर करीत होता. बांग झाली तेव्हा त्यांनी फावडे भिंतीला लावले, एक खजूर तोंडात टाकला, तांब्याभर पाणी प्याले आणि परत कामाला लागले. माझा डबा भरून मिळाला तेव्हा चांगला अंधार पडला होता. बरोबर लहान मुलगी. चाचांच्या घरातल्या भाभी म्हणाल्या, "एकटीला कशी सोडू?" त्यांनी आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात कंदील दिला आणि आम्हाला पोचवायला पाठवले.

दारात आत्याबाई उभ्या होत्याच. काळजीने तोंड उतरलेले. माझ्या हातातला डबा पाहिला, वास आला, सगळे त्यांच्या ध्यानात आले. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटले, आता पोराच्या देखत काहीतरी बोलतील. पण त्यांनी त्या पोराकडे पाहिले. दीड कोस चालून आलेला, घामाने निथळत होता.

"जेवलास का रं?" त्यांनी विचारले.

"नाही, आजी. रोजा सोडला तेवढाच. घरी जाऊन जेवीन."

"रोजा म्हंजी? दिवसभर खायाचं न्हाई?"

"पाणीबी नाही."

आत्याबाई गप्प झाल्या. त्या आषाढी-कार्तिकीला निर्जळी धरायच्या. पाण्याशिवाय दिवस काढणे काय असते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. "भट्टीपुढं? निर्जळी?" एवढेच त्या पुटपुटल्या. मग आत गेल्या, भाकरी आणि वांग्याचे कोरड्यास वाढून आणले आणि ओट्यावर त्याला बसवून स्वतः समोर बसल्या. जाताना त्याच्या कंदिलात तेल आहे का ते बघितले.

आता तुम्ही म्हणाल, त्यांनी लगेच नानकटाई खाल्ली असेल. नाही. माणूस एका रात्रीत बदलत नसतो. त्यांनी डबा उचलून फडताळात वेगळा ठेवला आणि सांगितले, "पोरांना द्या. मला नको." झाले, एवढेच. मीही काही बोलले नाही.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी मी परड्यात होते. काही आणायला आत आले तर आत्याबाई चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या. हातात चहाची कपबशी. कपात नानकटाई बुडवलेली! त्यांचे दात केव्हाच पडले होते. चकली चावत नव्हती, कडबोळे चावत नव्हते, शंकरपाळी नुसती चघळून ठेवायच्या. दरवर्षी दिवाळीला सगळ्यांना वाढायच्या आणि स्वतः चिवड्यातले पोहे भिजवून खायच्या, हे इतके दिवस माझ्या लक्षातच आले नव्हते. मी पाय न वाजवता तशीच मागे फिरले.

त्याच सुमारास ईद झाली. चाचांचा मुलगा वाटीभर शिरखुर्मा घेऊन आला. तो कोणी खाल्ला आणि कोणी नाही, हे मी पाहिले नाही. पण शेजारची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, ही आत्याबाईंची शिस्त. त्यांनी वाटी घासली, तिच्यात करंज्या भरल्या आणि वर स्वतःच्या हाताने फडके बांधले.

पुढच्या वर्षी नवरात्र संपताच आत्याबाईच म्हणाल्या, "अगं, भट्टीवर नंबर कधी लावायचा? उशीर झाला तर मागच्यावाणी रात करशील."

अशी आली नानकटाई आमच्या माजघरात.

नानकटाईचा प्रवास काही आपल्या दारात संपला नाही. आपली माणसे जिथे जिथे पोटासाठी गेली तिथे ती गेली. ब्रह्मदेशात तिला नानकथाइंग म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतली हिंदी कुटुंबे दिवाळीला आणि ईदला ती करतात. श्रीलंकेत तर तिचे नाव झाले आहे 'ज्ञानकथा'! नातीला हे सांगितले तेव्हा ती पोट धरून हसली. मला मात्र ते नाव आवडले. पदार्थाची कथा नीट ऐकली तर थोडे ज्ञान होतेच की.

आता जरा कामाचे बोलू. मधल्या काळात नानकटाई म्हणजे डालडा, असे समीकरण झाले होते. वनस्पती तूपही पहिल्यांदा आपल्याकडे हॉलंडहूनच येत असे. ते आयात करणाऱ्या दादा कंपनीचे नाव आणि लीव्हर कंपनीचा 'ल' मिळून १९३७ साली 'डालडा' झाला. माडाचे झाड असलेला तो पिवळा डबा कोणाच्या घरी नव्हता? डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावायची नाहीतर डाळ भरायची. स्वस्त होते, टिकत होते आणि नानकटाई खुसखुशीत व्हायची. पण वनस्पती तुपात तेल गोठवताना जी ट्रान्स चरबी तयार होते ती हृदयाला वाईट, हे आता सिद्ध झाले आहे. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तिच्यावर शेकडा दोनची मर्यादा घातली आहे. तेव्हा घरी दुभते असेल तर थोडी करा, पण आपल्या तुपाची करा. तूप महाग आहे हे मला कळते. दोन किलोऐवजी पाव किलोची केली तर काय बिघडले?

भट्टी नसली तरी अडत नाही. नातीला बरोबर घेऊन मी यंदा कढईत केली, ती अशी.

मैदा २०० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, थिजलेले तूप १५० ग्रॅम, दळलेली साखर १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि जायफळ. मैद्याऐवजी चाळलेली कणीक घेतली तरी चालते, रंग थोडा गडद येतो एवढेच. तूप आणि साखर तळहाताने दहा-पंधरा मिनिटे फेसा. पातळ तूप घेऊ नका, गोळे पसरतील. पिठे, मीठ आणि बेकिंग पावडर दोनदा चाळून घ्या आणि बेताबेताने घालून हलक्या हाताने गोळा करा. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नका. तूप पिठाच्या कणाकणाला लागते, म्हणून पिठाला चिकटपणा येत नाही आणि नानकटाई खुसखुशीत होते. तिंबले की ती कडक झालीच. गोळा सैल वाटला तर चमचाभर पीठ घाला, फुटत असेल तर चमचाभर तूप.

जाड बुडाच्या कढईत दोन बोटे जाडे मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू घाला. वर तिवई ठेवून झाकण घाला आणि मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापवा. ताटलीला तुपाचे बोट लावून सहा-सात गोळे लांब लांब मांडा, कारण ते फुलतात. ताटली तिवईवर ठेवा, आच मंद करा, झाकण घट्ट ठेवा. वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतून फुगवटा येतो, म्हणून वर भेगा पडतात, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा. भेगा पडल्या आणि खालची बाजू बदामी झाली की उतरवा. गरम असताना हात लावू नका, तुटेल. गार झाली की आपोआप कडक होते. एवढ्या सामानात पंचवीसएक होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस चांगल्या राहतात, अर्थात पोरांनी ठेवल्या तर.

आमच्या बाजारगावची ती भट्टी बंद होऊन बरीच वर्षे झाली. चाचा गेले, आत्याबाईही गेल्या. कंदील घेऊन आलेला तो मुलगा आता स्वतः आजोबा झाला आहे. त्याचे दुसरे दुकान आहे. आता नानकटाई पुड्यात मिळते. रांगेत बसावे लागत नाही, पत्र्यावर चिठ्ठी लावावी लागत नाही. सोय झाली, यात शंका नाही. पण एक गोष्ट गेली. आपले पीठ आणि दुसऱ्याचा विस्तव, असे दोन घरांनी मिळून केलेले दिवाळीचे दुसरे कोणते पक्वान्न होते? पुडा विकत घेताना कोणाच्या घरी वाटी जात नाही आणि वाटी परत येत नाही.

तर नातीचा प्रश्न. नानकटाई आपली आहे की नाही?

मी तिला परड्यात नेले. म्हटले, "ही मिरची बघ. हा पेरू बघ. हा मका, हा बटाटा, हे टोमॅटो. यातले एकही मूळचे आपल्याकडचे नाही. सगळे अमेरिका खंडातले, फिरंग्यांच्या जहाजांतून चार-पाचशे वर्षांत इकडे आले. आता मिरचीशिवाय आपला ठेचा सांग बरं! बटाट्याशिवाय आपला उपवास सांग!" पोर विचारात पडली. मग म्हटले, "तुझी आई या घरात जन्मली का? मी जन्मले का? आत्याबाई जन्मल्या होत्या का? आम्ही तिघी तीन गावांहून आलो. पण घर कोणाचे, असे विचारले तर तू काय सांगशील?"

तिने काही उत्तर दिले नाही. वही उघडली आणि खोडलेली नानकटाई पुन्हा नीट लिहिली. कंसात लिहिले, 'माहेर सुरत, सासर आमचे घर.'

बाईंनी त्यावर काय शेरा दिला, ते अजून कळायचे आहे.